तृण, काष्ठ, उदक : राज्यसत्तेची मर्यादा आणि भूमिहीनाचा हक्क

औंढा नागनाथ तालुक्यातील काही उपासकांकडून आमच्याकडे एक प्रश्न आला आहे. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेक जण गायरान कसणाऱ्या कुटुंबांतील आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : सरकारने माणसाच्या व्यवहारात कमीत कमी हात घालावा, व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांना धक्का लावू नये, असे हल्ली सुशिक्षितांकडून वारंवार ऐकू येते. गायरानाची नोटीस घरी आली म्हणजे आम्हालाही ते खरे वाटते. परंतु बाबासाहेबांनी तर जमीन आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली होती. मग राज्याचा अधिकार वाढावा असे आम्ही म्हणावे, की कमी व्हावा असे? आणि या बाबतीत तथागतांचा धम्म काय सांगतो?

प्रश्न सरळ आहे. उत्तर तितके सरळ नाही. आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर सोयीनुसार दिले जाते. ज्याच्या नावावर जमीन आहे तो म्हणतो, सरकारने दूर राहावे. ज्याच्या नावावर काहीच नाही तो म्हणतो, सरकारने पुढे यावे. दोघेही आपापल्या अनुभवाने बोलतात. म्हणून प्रथम ज्या विचाराला मर्यादित राज्यसत्तेचा विचार म्हणतात, तो त्याच्या समर्थकांच्या बाजूने नीट समजून घेतला पाहिजे.

हा विचार पश्चिमेकडे लॉकपासून मिलपर्यंत वाढत गेला. माणसाचे जीवित, स्वातंत्र्य आणि श्रमाने मिळविलेली संपत्ती ही राजाने दिलेली नसून राजाच्या आधीपासूनची आहे; राजा तिचा राखणदार आहे, दाता नव्हे; म्हणून राखणदाराला जेवढी सत्ता लागते तेवढीच त्याला द्यावी, हा त्याचा गाभा. आपल्या देशात १९५९ साली राजगोपालाचारींनी स्वतंत्र पक्ष काढला तो परवाने आणि परमिटे यांच्या राज्याला विरोध म्हणून. महाराष्ट्रात शरद जोशी यांनी शेतकरी संघटनेच्या द्वारे हाच विचार शेतकऱ्याच्या भाषेत मांडला : शेतमालाचे भाव सरकार जाणूनबुजून पाडते, आणि शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे ते एक मोठे कारण आहे.

हा आरोप निराधार आहे असे आम्हाला वाटत नाही. महाराष्ट्रातील कापूस एकाधिकार खरेदी योजना हे त्याचे चांगले उदाहरण आहे. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२ पासून कापूस उत्पादकाने आपला कापूस सरकारी यंत्रणेलाच विकावा, असा दंडक घातला गेला. हेतू व्यापाऱ्याच्या लुटीपासून शेतकऱ्याला वाचविण्याचा होता, आणि काही वर्षे त्याचा लाभही झाला. परंतु पुढे खरेदी केंद्रावर दिवसच्या दिवस थांबणाऱ्या गाड्या, प्रतवारीवरून होणारी घासाघीस आणि उशिरा मिळणारे पैसे हा मराठवाड्यातील आणि विदर्भातील शेतकऱ्याचा नित्याचा अनुभव झाला. शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी तेथे कापूस नेणे हा गुन्हा ठरे. या योजनेचा जाच मोठ्या बागायतदारापेक्षा दोन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला अधिक झाला, कारण थांबण्याची ऐपत त्याच्यापाशी नव्हती. ती मक्तेदारी पुढे सैल होत होत संपली. नियमन म्हटले की ते गरिबाच्याच बाजूचे असते, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण विसरू नये.

आता पालि वाङ्मयाकडे वळू. राजसत्तेविषयी तिपिटकाची वृत्ती भाबडी नाही. अंगुत्तर निकायात संपत्तीला असणाऱ्या भयांची गणना येते, आणि ती गणना अन्यत्रही पुनःपुन्हा आली आहे. अग्नी, पाणी, राजा, चोर आणि अप्रिय वारसदार, असे पाच जण माणसाच्या संपत्तीवर हक्क सांगतात. या यादीत राजा आणि चोर शेजारी शेजारी बसविलेले आहेत, हे लक्षात घ्यावे. कोसल आणि मगध ही राज्ये वाढत होती, कर आणि वेठ वाढत होती, त्या काळात गृहपतींना उपदेश करताना हे सांगितले गेले आहे. राजा हा देवाचा अंश आहे अशी जी कल्पना ब्राह्मणी ग्रंथांनी पुढे रुजविली, तिचा येथे मागमूसही नाही. राजा हा पुराप्रमाणे, आगीप्रमाणे येणारा एक धोका आहे.

दीघ निकायातील अग्गञ्ञ सुत्त याच्याही मागे जाते. प्राणी प्रथम आपोआप उगवणारा तांदूळ गरजेपुरता आणून खात. मग कोणा आळशाने दोन वेळचा तांदूळ एकदमच आणला, दुसऱ्याने दोन दिवसांचा, तिसऱ्याने चार दिवसांचा. साठा सुरू झाला तसा तांदूळ उगवेनासा झाला. मग शेते वाटली गेली, बांध पडले. बांध पडल्यावर कोणीतरी आपला वाटा राखून दुसऱ्याचा घेतला; त्यातून चोरी, निंदा, असत्य आणि मारहाण आली. तेव्हा सर्वांनी मिळून आपल्यातील एकाला निवडले, योग्य ठिकाणी रागावण्याचे आणि दोषीला बाहेर काढण्याचे काम त्याच्याकडे दिले आणि मोबदला म्हणून आपल्या भातातील वाटा देण्याचे ठरविले. तो महासम्मत, म्हणजे महाजनांनी संमत केलेला. राजाला मिळणारा कर ही त्याची मजुरी आहे, हा या कथेचा उघड अर्थ होय.

काही विद्वान या सुत्तात लॉकचा सामाजिक करार शोधतात. आम्ही त्यांच्याशी पूर्णतः सहमत नाही. लॉकच्या मते मालमत्ता हा मूळचा हक्क आहे आणि राज्य तिच्या रक्षणासाठी येते. अग्गञ्ञ सुत्तात बांध हाच मुळी लोभाचा परिणाम आहे. राजा बांधाचे रक्षण करतो हे खरे, परंतु बांध पवित्र आहे असे सुत्त कोठेही म्हणत नाही. राज्य संमतीने निर्माण झाले एवढ्यापुरते दोघांत साम्य आहे. त्यापुढे वाटा फुटतात.

त्या कशा फुटतात हे चक्कवत्तिसीहनाद सुत्तात दिसते. तेथे राजा प्रजेला संरक्षण देतो, न्यायही करतो, परंतु जुन्या चक्रवर्तींच्या कर्तव्यांपैकी एक सोडून देतो : निर्धनांना धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य पसरते, दारिद्र्यातून चोरी उद्भवते. पहिल्या चोराला राजा धन देतो. ते ऐकून इतर चोरी करू लागतात. मग राजा शिरच्छेद सुरू करतो. तेव्हा लोक शस्त्रे करवून घेतात आणि लुटारू हत्याही करू लागतात. केवळ रक्षण करणारे, म्हणजे आजच्या भाषेत पोलीस, न्यायालय आणि सरहद्द एवढेच पाहणारे राज्य कोठे जाऊन पोहोचते, याचे हे चित्र आहे. कूटदन्त सुत्तातील पुरोहित राजाला हेच दुसऱ्या अंगाने सांगतो : दंड, बंधन आणि हद्दपारी यांनी चोर संपत नाहीत; शेतकऱ्याला बी आणि चारा, व्यापाऱ्याला भांडवल, राजसेवकाला वेतन दिले तर संपतात. बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना चक्कवत्तिसीहनाद सुत्ताचा आधार घेतला आहे, तो उगाच नव्हे.

म्हणजे पालि परंपरेत दोन गोष्टी एकत्र आहेत. राजा हा धोका आहे, आणि निर्धनाला धन देणे हे राजाचे कर्तव्यही आहे. या दोहोंचा मेळ कसा घालायचा? यासाठी आम्ही वाचकांचे लक्ष विनयपिटकातील एका प्रकरणाकडे वेधू इच्छितो. गायरानाच्या प्रश्नाच्या इतके जवळ जाणारे दुसरे प्रकरण आम्हाला तिपिटकात आढळलेले नाही.

भिक्खू धनिय हा कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळ इसिगिलीच्या उतारावर त्याने गवताची कुटी बांधली. तो भिक्षेला गेला असता गवत आणि लाकूड गोळा करणाऱ्यांनी कुटी मोडून तिचे गवत-लाकूड नेले. असे तीन वेळा झाले. (ही माणसे कोण, हे सांगण्याची गरज नाही, मोळी विकून पोट भरणारे तेव्हाही होते.) मग त्याने अंगच्या कसबाने संपूर्ण मातीची, भाजलेली लाल कुटी केली, ती करताना जीवहिंसा झाली म्हणून तथागतांनी ती मोडावयास लावली. शेवटी धनिय राजाच्या लाकूडवखारीवर गेला. नगराच्या डागडुजीसाठी आणि आपत्काळासाठी राखून ठेवलेले ते लाकूड होते. राजाने मला दिले आहे, असे रखवालदाराला सांगून त्याने ते तोडून गाड्यांतून नेले. महामात्र वस्सकाराच्या हे ध्यानात आले आणि रखवालदार बांधला गेला. त्याला बांधून नेताना पाहून धनिय स्वतः राजा बिंबिसाराकडे गेला.

राजाने विचारले, मी कधी दिले? धनिय म्हणाला, राज्याभिषेकाच्या वेळी आपण घोषणा केली होती की श्रमण-ब्राह्मणांना तृण, काष्ठ आणि उदक दिले आहे, त्यांनी त्याचा उपभोग घ्यावा. राजाला ते आठवत होते. त्याने उत्तर दिले : ते मी लहानशा दोषाचीही भीती बाळगणाऱ्या श्रमणांना उद्देशून म्हटले होते, आणि तेही अरण्यातील, कोणाच्याही ताब्यात नसलेल्या वस्तूंविषयी. असे सांगून त्याने धनियाला शिक्षा न करता सोडले. लोकांनी मात्र श्रमणांची निंदा केली, आणि या प्रसंगावरून अदिन्नादानाचा, न दिलेले घेण्याचा पाराजिक नियम घालून दिला गेला. तो घालण्यापूर्वी तथागतांनी पूर्वाश्रमी न्यायाधिकारी असलेल्या एका भिक्खूला विचारले की, बिंबिसार राजा किती मोलाच्या चोरीला चोर ठरवून वध, बंधन वा हद्दपारी देतो. एक पाद, असे उत्तर आले. त्या काळी राजगृहात पाच मासकांचा एक पाद होत असे. संघाने हेच माप स्वीकारले.

या कथेत तीन प्रकारच्या वस्तू आहेत. अरण्यातील तृण-काष्ठ, ज्यावर कोणाचा ताबा नाही. वखारीतील लाकूड, जे राजाच्या हाती असले तरी नगरासाठी राखलेले आहे. आणि खाजगी वस्तू. राजाची जुनी घोषणा पहिल्या प्रकाराला लागू होते, दुसऱ्याला नाही. तथापि ही सीमा कोठे आहे हे आधी लिहून ठेवले नव्हते म्हणूनच सारा घोटाळा झाला, आणि बांधला गेला तो रखवालदार. वखारीतील सर्वांत खालचा माणूस. आमच्या मते कथेतील हा बारकावा सर्वांत महत्त्वाचा आहे.

आता आपल्या प्रदेशाचा विचार करू. औंढा नागनाथ, आज हिंगोली जिल्ह्यात आणि १ मे १९९९ पूर्वी परभणी जिल्ह्यात असलेला हा भाग, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथील माणसाने जी राज्यसत्ता पाहिली ती कागदावर निरंकुश आणि गावात गैरहजर अशी होती. गावात सत्ता चालत होती ती देशमुख, पाटील, पांडे यांची, जहागिरीत जहागीरदाराची. वेठीला सरकारी हुकूम लागत नसे. राज्य मर्यादित होते म्हणावे तर या अर्थाने ते फारच मर्यादित होते, आणि त्या मर्यादेच्या बाहेर अस्पृश्य माणूस कोणाच्या हाती होता हे आपण जाणतो. औंढ्याचे देवालय नामदेवांसाठी फिरले अशी आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. अस्पृश्यासाठी देवालये फिरली नाहीत. त्यांचे दरवाजे उघडण्यास संविधानाचे १७ वे आणि २५ वे कलम लागले. जहागिरी १५ ऑगस्ट १९४९ रोजी रद्द झाल्या. १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आला, तोही राज्याच्या हस्तक्षेपानेच. त्या कायद्यातील पळवाट अशी की कुळाने स्वखुशीने जमीन सोडली तर मालकाला ती मिळे. आणि ज्याचे सारे जगणे मालकावर अवलंबून आहे त्याची स्वखुशी कशी मिळवितात, हे मराठवाड्यात कोणाला शिकवावे लागत नाही.

तरीही बाबासाहेबांच्या चळवळीचा आरंभ राज्याची सत्ता वाढविण्याच्या मागणीने झाला असे मानणे बरोबर नाही. मुंबई इलाख्यातील महार वतनाचे प्रकरण पाहावे. १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकार कायद्याखाली महार हा सरकारचा नोकर होता. त्याच्या कामाचे तास ठरलेले नव्हते, काम कोणते हे ठरलेले नव्हते, आणि एक माणूस आजारी पडला तर घरातील दुसऱ्याने जावे लागे. मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन आणि गावकऱ्यांकडून मिळाले तर बलुते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. सरकारच्या या अमर्याद मागणीतून महाराला सोडवावे, पूर्ण सारा भरून जमीन त्याची व्हावी, हा त्याचा आशय होता. ते विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. १९३९ साली हरेगाव येथे वतनदार महारांची परिषद भरली तीही सरकारने वाढविलेल्या जुडीच्या विरोधात. वतन गेले ते १९५८ च्या कायद्याने. म्हणजे सरकारने आपला हात आखडता घ्यावा, ही मागणी आपल्या समाजाने फार पूर्वी केली आहे. तिच्यासाठी आपल्याला कोणा परदेशी अर्थपंडिताची उसनवारी करावी लागत नाही.

मग त्याच बाबासाहेबांनी १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी सादर केलेल्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग असावा, विमा राज्याची मक्तेदारी असावी, मूलभूत उद्योग राज्याने चालवावेत असे का म्हटले? तेथे त्यांनी मर्यादित राज्यसत्तेच्या समर्थकांना दिलेले उत्तर आजही ताजे आहे. राज्याने हात काढून घेतला म्हणजे स्वातंत्र्य वाढते हे खरे, परंतु ते कोणाचे? जमीनदाराला खंड वाढविण्याचे, मालकाला कामाचे तास वाढवून मजुरी घटविण्याचे. बेकाराला दोन नोकऱ्यांमध्ये निवड करावयाची नसते. त्याला नोकरी आणि मूलभूत हक्क यांत निवड करावी लागते, आणि तो नोकरी निवडतो. ज्याची चूल दुसऱ्याच्या मर्जीवर पेटते त्याच्या भाषणस्वातंत्र्याचे राज्याने कितीही रक्षण केले तरी ते त्याच्या उपयोगी पडत नाही. मनुष्यावर सत्ता चालविणारा केवळ राजाच नसतो, हे पश्चिमेच्या मर्यादित राज्यवाद्यांना पुरेसे दिसले नाही. महाराला ते दिसण्यासाठी पुस्तक वाचावे लागले नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. जमीन राज्याची झाली तर कसणारा राज्याचा कूळ होणार. मग वतनदार महार आणि हा नवा कूळ यांत अंतर ते काय? आम्ही या आक्षेपावर पुष्कळ विचार केला आहे. आमच्या मते अंतर आहे, आणि ते राज्याच्या आकारात नसून राज्याच्या बांधलेपणात आहे. वतनाची सेवा अलिखित होती; या योजनेत जमिनीचे विभाग, कसणाऱ्यांचे हक्क आणि जातिभेदावाचून वाटप हे सारे संविधानातच लिहावयाचे होते, म्हणजे विधिमंडळातील बहुमताला वा एखाद्या मंत्र्याला ते सहज बदलता येऊ नये. राज्य समाजवाद हवा, परंतु हुकूमशाही नको, संसदीय लोकशाही राहावी, अशी ही मांडणी होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी कितीही थोर पुरुष असला तरी त्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नये असे बजावले, आणि बौद्ध संघाला सभाकार्याचे नियम ज्ञात होते याचीही आठवण त्याच भाषणात दिली. राज्याला मोठे काम देणारा आणि राज्यावर अविश्वास ठेवणारा, असे दोन आंबेडकर नाहीत. ही योजना संविधानात आली नाही. आले ते १५ वे कलम, जे दुकाने, विहिरी, पाणवठे यांच्या बाबतीत खाजगी माणसालाही बांधते. १७ वे आणि वेठबिगारी बंद करणारे २३ वे, जी राज्याइतकीच गावालाही लागू आहेत. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हे त्यांच्याच पुढचे पाऊल. ही सारी नियमने आहेत. ती काढून टाकली तर आपले व्यक्तिस्वातंत्र्य वाढेल असे कोणी म्हणत असेल, तर त्याने १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात राज्य दूर उभे राहिले तेव्हा काय झाले ते आठवावे.

गायरानाकडे येऊ. गायरान म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. धनियाच्या कथेतील अरण्य आणि वखार यांच्या मधली वस्तू. १९५३ साली मराठवाड्यात, १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्यावी ही त्यांची एक प्रमुख मागणी. त्यांचे फळ म्हणून निघालेल्या शासन निर्णयांपैकी २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय आपल्याकडे सर्वाधिक परिचित आहे. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करावीत, असे त्यात ठरले. शेवटची तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची आहे. पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले, आणि १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात गायरानावरील नव्या नियमितीकरणाला अटकाव झाला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यानंतर नोटिसा मोठ्या संख्येने निघाल्या.

जगपाल सिंग निकालावर आपल्याकडे रोष आहे. परंतु तो मुळातून वाचला पाहिजे. ते प्रकरण पंजाबातील पतियाळा जिल्ह्यातील एका गावच्या तलावाच्या जागेवर घरे बांधणाऱ्यांचे होते. बळाच्या आणि पैशाच्या जोरावर सामाईक जमीन गिळणाऱ्यांविरुद्ध न्यायालय बोलत होते. गायरान हे शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या गरिबाचेही आहे, आणि मोठ्या खातेदाराने बांध सरकवून गायरान आत घेतल्याची उदाहरणे आपल्या प्रत्येक तालुक्यात सापडतील. त्याच निकालात न्यायालयाने अपवादही सांगितला आहे : भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासकीय अधिसूचनेखाली पट्टा दिलेला असेल, अथवा त्या जागेवर शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तेथे नियमित करता येईल. रोष निकालाच्या या भागाकडे दुर्लक्ष करून सर्वांना एकच छापील नोटीस देणाऱ्या कारभारावर असावा.

औंढ्याजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेचे, लायगोचे, काम हाती घेतले गेले आहे. प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेल्या या प्रकल्पाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. विज्ञानाच्या अशा कामाचे आम्हाला कौतुकच आहे. परंतु कोठेही मोठा प्रकल्प आला की माणसांचे दोन वर्ग पडतात. ज्याच्या नावाचा सातबारा आहे त्याच्या जमिनीसाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाजारभाव, त्यावर गुणक आणि शंभर टक्के दिलासा रक्कम ठरविली आहे. तो कायदा तीन वर्षे त्या भागात राबणाऱ्या भूमिहीन मजुरालाही बाधित कुटुंब मानतो. ही सुधारणा मोठी आहे. परंतु जो तीस वर्षे गायरान कसतो आणि ज्याचे नाव कोठेच नाही, त्याची जमीन घेताना संपादन होतच नाही. जमीन सरकारची, सरकार ती एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे देते. मालमत्तेच्या हक्काचे जे कवच मर्यादित राज्यवादी सांगतात, ते त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि कल्याणकारी राज्यही त्याला ओळखत नाही.

त्याला राज्य ओळखते ते एकाच कागदावर, आणि तो कागद आहे गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही. तलाठी तीत अतिक्रमण करणाऱ्याचे नाव, क्षेत्र आणि वर्ष लिहितो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ५० व्या कलमाखाली दंड होतो आणि त्याची पावती मिळते. आणि ५१ व्या कलमाखाली वा १९९१ च्या निर्णयाखाली हक्क मागावयाचा तेव्हा पुरावा म्हणून हीच नोंद आणि हीच पावती पुढे करावी लागते. अपराधाचा पुरावा तोच हक्काचा पुरावा. ज्याने दंड चुकविला, ज्याचे नाव तलाठ्याने लिहिलेच नाही, तो हक्कालाही मुकला. अनेक गावांत नाव लिहिले जाणे न जाणे हे पाटलाच्या शब्दावर ठरत आले. येथे अडचण राज्य अधिक आहे ही नाही आणि कमी आहे ही नाही. राज्याच्या लेखणीला नियम नाही ही आहे.

पट्टा मिळाल्यावरही मिळणारी जमीन भोगवटादार वर्ग दोनची असते. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. तरुण वाचक विचारतात की, हा आमच्या स्वातंत्र्यावर घाला नव्हे काय? घाला आहे, यात शंका नाही. मात्र आमचे मत ही अट राहावी असे आहे, निदान एका पिढीपुरती. वतनी जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या तेव्हाही सावकाराने कोऱ्या कागदावर अंगठे घेऊन त्या गिळल्या. अट नसती तर उघडपणे गिळल्या असत्या. पण अट राखावयाची तर परवानगी देण्या-नाकारण्याची कारणे लेखी आणि मुदतीत द्यावीत, ही मागणी तितक्याच जोराने केली पाहिजे. मुलीच्या शिक्षणासाठी वा विहिरीच्या कर्जासाठी अर्ज केलेला माणूस वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या झिजवीत असेल, तर ते संरक्षण नसून नवे वतन होय.

संघाने आपल्या सत्तेला कसे बांधले होते, ते येथे उपयोगी पडेल. चुल्लवग्गाच्या कम्मक्खन्धकात भिक्खूवर करावयाच्या तज्जनीय कम्माची, म्हणजे दोषारोपाच्या कारवाईची, चिकित्सा आहे. ज्याच्यावर कारवाई करावयाची तो समोर नसताना केली, त्याला विचारपूस न करता केली, त्याच्या कबुलीवाचून केली, तर ती अधम्म कम्म ठरते आणि विनयाविरुद्ध असल्यामुळे टिकत नाही. दोष खरा होता की नव्हता, हा प्रश्न त्यानंतरचा. संघाचा अधिकार मोठा होता, भिक्खूचे चीवर उतरविण्याइतका मोठा. पण तो या तीन दारांतूनच आत येऊ शकत असे.

गायरानाच्या नोटिशीला उत्तर देताना हीच तीन दारे तपासावीत. नोटीस प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावे आहे की केवळ गट क्रमांकावर? म्हणणे मांडण्यास तारीख दिली आहे का, आणि त्या तारखेस मांडलेले म्हणणे लिहून घेतले का? पूर्वीची एक-ई नोंद, दंडाच्या पावत्या आणि १९९१ च्या निर्णयाखाली केलेला प्रलंबित अर्ज यांचा आदेशात उल्लेख आहे का? ज्यांच्यापाशी पावत्या उरलेल्या नाहीत त्यांनी त्या त्या वर्षांच्या गाव नमुना एक-ईच्या प्रमाणित नकला तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून लेखी अर्जाने मागवाव्यात, अर्जाची पोच घ्यावी, आणि नक्कल नाकारली तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली पुन्हा मागावी. अभिलेख कक्षातील जुने कागद दरवर्षी वाळवी आणि पाणी यांना बळी पडत आहेत. अर्ज नोटीस येण्यापूर्वी करावा.